सातावरची रेघ

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लखनौमध्ये पछुआ सुटतो. पश्चिमेचा हा कोरडा वारा कडुनिंबाची पिवळी पानं इतक्या वेगाने अंगणात आणून टाकतो की सकाळी सातला झाडलेलं अंगण नऊ वाजता पाहिलं तर कोणी झाडूच लावला नाही असं वाटावं. मला अंगण झाडलेलं लागतं. म्हणजे मार्चमध्ये मी तशीही चिडलेली असते. मलिहाबादकडून येणारा भाजीवाला फाटकाशी गाडी लावून म्हणतो, "अम्मा जी, इस बार बौर खूब आया है." त्याच्या सदऱ्यालाही आंब्याच्या मोहोराचा वास असतो. समोरच्या घरातली मुलगी पारदर्शक पाउचमध्ये पेनं घालून, दही-साखर खाऊन रिक्षात बसते, आणि तिची आई रस्त्यावर येऊन ओरडते, "रोल नंबर ठीक से भरना! दो बार देखना!"

ते "दो बार देखना" ऐकलं की मी आत येते आणि दार लावून घेते.

निहार, सई, या वर्षी दार लावून भागलं नाही, कारण त्याच दिवशी दुपारी निहारचा मेसेज आला.

निहार, तुला शाळेसाठी एका जुन्या इंग्रजी सिनेमाचं कथासार लिहायचं होतं. माणसाच्या मनाशी खेळणारा, भीती घालणारा, काळा-पांढरा सिनेमा. यादीत बरीच नावं होती. त्यातलं एक तू निवडलंस, कारण तुझी आई म्हणाली की आजीने हा सिनेमा लखनौच्या मराठी मंडळात दाखवला होता. मी तुला म्हटलं, "दोन दिवस दे, नीट लिहून पाठवते." तू दोन दिवस दिले नाहीस. फोनला विचारलंस, आणि फोनने दिलेल्या ओळी मला पाठवल्यास: एकाकी शिक्षिकेला तिच्या डायरीत तिच्याच अक्षरातल्या भयंकर नोंदी सापडू लागतात. शेवटी कळतं की त्या झोपेत तीच लिहीत होती. खाली तू लिहिलंस, "डन, आजी! डोन्ट वरी."

आणि त्याच्याही खाली: "आईचं पण सेमच झालं होतं ना ट्वेल्थला? प्रशांतमामा सांगत होता. स्वतःचंच हँडरायटिंग ओळखलं नाही म्हणे!" पुढे तीन हसरे चेहरे. मी मोजले.

ही दोन्ही कथासारं खोटी आहेत. पहिलं फोनने बिघडवलं. पण फोन जन्माला यायच्या कितीतरी आधी तेच कथासार, त्याच ठिकाणी, मी बिघडवलं होतं. दुसरं त्यातूनच तयार झालं, आणि आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणात, तुमच्या आईच्या तोंडावर, हसत हसत सांगितलं गेलं. तीस वर्षांवर झाली. आता ते तुमच्यापर्यंत पोचलं आहे. इथून पुढे ते मी जाऊ देणार नाही.

सिनेमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर सई ते फोनला विचारील.

आमच्या मंडळात तेव्हा बावीस-तेवीस कुटुंबं होती. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी टपाल खात्यात. तुमचे आजोबा अमौसीला, विमानतळावर, इंजिनिअरिंग विभागात. बहुतेक सगळे विदर्भातले, बदलीने आलेले आणि इथेच राहिलेले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमायचं, टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, एक हिंदी आणि एक इंग्रजी सिनेमा बघायचा. इंग्रजी सिनेमा सगळ्यांना कळायचा नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली. सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी कॅसेटच्या डब्यावरची माहिती वाचून उभी राहायची आणि पात्रं कोण, कुठलं गाव, सुरुवातीला काय घडतं ते मराठीत सांगायची. मधे मधे टेप थांबवून पुढचं. याला सगळे 'मॅडमचं कथासार' म्हणत. मी इंग्रजीत एम.ए. होते, मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं. बटाटेवड्यांच्या वासात, फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसलेली तीस-चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघायची.

तर तो सिनेमा. नीट वाचा.

समुद्रकाठचं एक लहान गाव, भोवती मिठागरं. त्यांच्या कडेला एक उंच, अरुंद घर. त्यात अ‍ॅग्नेस नावाची शिक्षिका आणि तिची धाकटी बहीण लोरा राहतात. आईवडील नाहीत. घर अ‍ॅग्नेसच्या नावावर आहे. लोराला लग्न करून, घर विकून शहरात जायचं आहे. अ‍ॅग्नेस नाही म्हणते. लोरा कधी काही लिहीत नाही. "माझं अक्षर घाणेरडं आहे," असं म्हणून ती आपली पत्रंसुद्धा अ‍ॅग्नेसकडून लिहून घेते. हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतं. मी ते मराठीत सांगितलंही होतं. सांगितलं आणि विसरले.

एका सकाळी अ‍ॅग्नेस डायरी उघडते तर आजच्या तारखेखाली आधीच नोंद लिहिलेली आहे. तिच्या अक्षरात. 'आज माझ्या हातून निळा कप फुटला.' संध्याकाळी निळा कप फुटलेला सापडतो. मग 'आज मी पक्ष्याचा पिंजरा बर्फात ठेवला.' मग 'आज मी मुलांच्या वह्या शेगडीत घातल्या.' गावचा डॉक्टर येतो. सभ्य, मऊ आवाजाचा. तो एकच प्रश्न विचारतो: हे अक्षर तुमचं आहे ना? ती बराच वेळ बघते आणि म्हणते, हो. डॉक्टर म्हणतो, मग लिहिणारं दुसरं कोण असेल? तुम्ही झोपेत लिहिता आणि झोपेतच करता. ती त्याच्या कागदावर सही करते. घोडागाडी तिला डोंगरावरच्या इस्पितळाकडे घेऊन जाते. गाडीच्या काचेतून ती घराकडे बघत राहते.

एवढ्यात लाइट गेली.

जानेवारीतली दुपार होती. पावणेपाच वाजले होते. लखनौला लाइट जाणं ही बातमी नव्हती. सगळे शाली गुंडाळून बसून राहिले. कोणी शेंगा सोलल्या, कोणी पोरांना दटावलं. सहाला व्हिडिओवाला भैया मशीन न्यायला आला. "अब नहीं आएगी बहनजी, फ़ीडर उड़ गया है," असं म्हणून त्याने टेप काढली आणि वायर गुंडाळायला सुरुवात केली. शेवटची वीस मिनिटं त्याच्या पिशवीत गेली.

बँकेतल्या देशमुखांच्या कुंदावहिनी समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, असं अर्धवट सोडू नका हं. रात्री झोप नाही यायची. शेवट सांगा."

मी तो सिनेमा आधी पाहिलेला नव्हता. मला शेवट माहीत नव्हता. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द होते आणि ते म्हणायला काही पडत नाही. पण अर्धवट फाइल बंद करणं मला जमत नाही, आणि चाळीस माणसांसमोर 'माहीत नाही' म्हणणं त्याहून जमत नव्हतं. मी उभी राहिले आणि ठामपणे सांगितलं: "इस्पितळात गेल्यावर सिद्ध होतं की डॉक्टरचं बरोबर होतं. तीच लिहीत होती. मनाचा आजार. अशा माणसाला स्वतःचं अक्षरसुद्धा परकं वाटतं."

"बाई गं!" कुंदावहिनी म्हणाल्या. "म्हणजे आपलाच हात आणि आपल्यालाच पत्ता नाही!"

सगळ्यांना तो शेवट पटला. मलाही पटला. तुमची आई तेव्हा सतरा वर्षांची होती. कोपऱ्यात उशीला टेकून बसली होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, पण ती बहीण लिहीत का नाही?" मी म्हटलं, "सिनेमात सगळ्याला उत्तर नसतं." तिला असं सांगणारी मी, सगळ्याला उत्तर देऊन नुकतीच उठले होते.

आता अक्षराबद्दल. माझे आजोबा अंगठा उठवायचे. माझे वडील आमच्या घरातले लिहिणारे पहिले. बाबासाहेबांचं ऐकून शाळेत गेलेली ती पिढी. ते म्हणायचे, अक्षर असं काढ की वाचणाऱ्याने तुझं आडनाव विचारायच्या आधी मान हलवावी. मिशनच्या शाळेतल्या बाईंनी मला इंग्रजी अक्षराचं वळण दिलं, वडिलांनी मराठीचं. लखनौला आल्यावर मंडळातली मुलं दर रविवारी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसायची. चार रेघी वही, शाईचं पेन, मी लिहिलेली वरची ओळ, खाली त्यांच्या दहा ओळी. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही. एकेका अक्षराचा कोन मी पट्टी लावून तपासायची. पाच-सहा वर्षांत असं झालं की लखनौच्या मराठी मुलांचं अक्षर म्हणजे माझं अक्षर. शिक्षक ओळखायचे. "अच्छा, यह भी मैडम वाली राइटिंग है!" मला त्याचा अभिमान होता. त्यातून काय होऊ शकतं, याचा विचार मी एकदाही केला नाही.

तुमच्या आईच्या लिहिण्यात मात्र एक गोष्ट माझी नव्हती. इंग्रजी सात. तुमचे आजोबा विमानतळावरच्या नोंदवहीत सातावर मधोमध आडवी रेघ ओढायचे. घाईत लिहिलेला सात एकासारखा दिसू नये म्हणून त्यांच्या खात्यात सगळेच तसं करत. मेधाने ते लहानपणीच उचललं होतं. मला ती रेघ आवडायची नाही. नीटनेटक्या आकड्याला उगाच कशाला खोडायचं? मी दर रविवारी ती रेघ लाल पेनाने खोडायला लावायची आणि ती दर सोमवारी पुन्हा ओढायची.

फेब्रुवारीत प्री-बोर्ड परीक्षा झाल्या. बारावीच्या मुख्य परीक्षेआधीची शाळेची सराव परीक्षा. मेधाला फिजिक्समध्ये सत्तरपैकी अकरा. विमान बनवण्याचं शिक्षण घ्यायचं म्हणणारी मुलगी, जिच्या वडिलांच्या जेवणाच्या डब्यात फिजिक्सच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या सापडायच्या, तिला अकरा.

ती वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "मैम, यह मेरी कॉपी नहीं है." उत्तरपत्रिकेच्या कव्हरवर रोल नंबर तिचा होता. आतली पानं दोऱ्याने बांधलेली. अक्षर तिचं. म्हणजे माझं. शाळेने मला बोलावलं.

प्रिन्सिपलच्या खोलीत खिडकीशी सावरीचं झाड होतं, लाल फुलांनी लगडलेलं. एकेक जड फूल खालच्या पत्र्यावर पडत होतं, थप्प, थप्प. प्रिन्सिपल मॅडमनी कॉपी माझ्यासमोर सरकवली. "आप तो राइटिंग की एक्सपर्ट हैं. आप ही बता दीजिए." मेधा माझ्या खुर्चीशेजारी उभी होती.

मी पानं उलटली. कोन बरोबर, इंग्रजी 'जी'ची शेपटी बरोबर, शब्दांमधलं अंतर बरोबर. मी किती वर्षं घासून बसवलेलं अक्षर. मला काय वाटलं सांगू? राग आला. इतकं सुंदर अक्षर आणि इतकी चुकीची उत्तरं! आणि वर खोटं बोलते, तेही परक्यांसमोर! मी म्हटलं, "जी. राइटिंग इसी की है. मैंने ही सिखाई है."

मेधा वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आई, सात बघ."

मी म्हटलं, "आता पुरे."

"आई, एकदा. प्रोटॉनचं वस्तुमान लिहिलंय तिथे. दोन सात आहेत. बघ ना."

"मेधा, शोभा पुरे झाली."

मी बघितलं नाही. कॉपी माझ्या हातात होती. पान उघडं होतं. मानसुद्धा वाकवावी लागली नसती.

त्यानंतरचा महिना मला वासांनी आठवतो. जिन्यात साठलेली कडुनिंबाची पानं, गेटजवळच्या आंब्याचा मोहोर, आणि मेधाच्या खोलीतला औषधाचा कडवट वास. कारण आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. तो डॉक्टरही सभ्य होता, मऊ आवाजाचा. "बच्ची पर बोर्ड का प्रेशर है," म्हणाला, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या खाऊन ती दुपारी दोन वाजता पुस्तकावर डोकं टाकून झोपायची. गालावर पानाच्या कडेचा वळ उमटायचा. घरात मोठ्याने बोलायचं नाही असा नियम झाला. शाळेने कळवलं, "इस साल ड्रॉप करा दीजिए." तुमचे आजोबा माझ्याकडे बघायचे. त्यांनीही कॉपी उघडली नाही. ती पालकांच्या सहीसाठी घरी आली होती आणि टेबलावर पडून होती. सातावर रेघ ओढायला शिकवणारे ते स्वतः! पण ते म्हणाले, "तुझ्या आईने अक्षर ओळखलंय, मेधा. आता आपण काय बोलणार?"

आणि मंडळाला तर सगळं आधीच ठाऊक होतं. मीच सांगून ठेवलं होतं. कुंदावहिनी शिऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, स्वतःचं अक्षर परकं वाटतं म्हणून. अगदी तस्संच हो!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. प्रशांत दहा वर्षांचा होता. त्याने ते ऐकलं आणि बहिणीला 'डायरीवाली' म्हणायला लागला. आम्ही त्याला एकदा रागावलो. दुसऱ्यांदा हसलो.

असं ते माझं खोटं कथासार चाळीस जणांच्या तोंडून फिरून माझ्याच घरात आलं आणि माझ्या मुलीच्या अंगावर बेतलेल्या कपड्यासारखं बसलं. तिने काहीही म्हटलं तरी आमच्याकडे त्याचा शेवट तयार होता. ती चिडली तर आजार, रडली तर आजार, गप्प बसली तर आता गोळ्या लागू पडतायत.

होळीच्या आदल्या दिवशी मी गुजिया, म्हणजे इथल्या करंज्या, तळत होते. ती दाराशी येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. म्हणाली, "मीच लिहिलं असेन."

आणि निहार, सई, मला हायसं वाटलं. माझी मुलगी स्वतःवरचा विश्वास माझ्या ओट्यावर ठेवून गेली आणि मी गॅस बारीक करून म्हटलं, "शहाणी माझी. आता सगळं ठीक होईल."

तिने ते वर्ष सोडलं. पुढच्या वर्षी फिजिक्स घेतलंच नाही. तुमची आई आज ग्रंथपाल आहे, चांगली आहे, आणि विमानात बसली की अजूनही पंखाच्या बाजूची खिडकी मागते. कोणताही फॉर्म देण्याआधी ती त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढते. शाळेच्या सहलीच्या परवानगीचासुद्धा. तुम्ही दोघं तिला हसता. मी ते फोनवर ऐकलं आहे.

पाच वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे मेलबर्नला होते. तुम्ही शाळेत गेला होतात. मेधाची सुट्टी होती. तिने टीव्हीवर शोधून तो सिनेमा लावला. घोडागाडी आली. काचेतून अ‍ॅग्नेस बघायला लागली. आणि या वेळी लाइट गेली नाही.

तर शेवट असा आहे. इस्पितळात अ‍ॅग्नेसला नवी डायरी देतात, झोपेत लिहील म्हणून. एक महिना जातो. पानं कोरी राहतात. डॉक्टर म्हणतो, औषध लागू पडतंय. दुपारी वेळ जावा म्हणून ती तिथल्या एका निरक्षर परिचारिकेला लिहायला शिकवते. एके दिवशी त्या बाईने पहिलं पूर्ण वाक्य लिहिलेलं असतं, आणि अ‍ॅग्नेस कागद हातात घेऊन दचकते. ते अक्षर तिचं स्वतःचं आहे. तिला आठवतं, तिने सगळ्यात आधी लिहायला कोणाला शिकवलं होतं.

लोरा भेटायला येते. अ‍ॅग्नेस काही आरोप करत नाही. फक्त म्हणते, भेटणाऱ्यांच्या वहीत नाव लिही, इथे नियम आहे. लोरा इकडेतिकडे बघते, हातमोजा काढते आणि लिहिते. डॉक्टर वही आपल्याकडे वळवून घेतो. वरच्या ओळीत रुग्ण म्हणून अ‍ॅग्नेसची सही, खाली लोराची. एकच अक्षर. अ‍ॅग्नेस बहिणीला म्हणते, "तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस." सिनेमा संपतो.

ती आजारी नव्हती. एक दिवसही नव्हती. फोनचं कथासार डॉक्टरच्या वाक्याशी थांबलं आहे, माझं थांबलं होतं तिथेच. डॉक्टर सांगतो ते सिनेमा संपायच्या बराच आधी सांगतो, आणि ते चूक आहे हे दाखवण्यासाठीच पुढचा सिनेमा आहे. वीस मिनिटं गाळली की निर्दोष बाई वेडी ठरते. निहार, म्हणून मी दोन दिवस मागितले होते.

मेधा उठली, चहाचं पाणी ठेवलं. पाठमोरी असतानाच म्हणाली, "आई, तुझं कथासार चुकलं होतं."

एवढंच. साखर विचारली आणि कप आणून दिला.

लखनौला परतल्यावर मी कपाटातली फाइल काढली. मी काही फेकत नाही. सहीसाठी आलेली ती कॉपी परत करायची राहिली होती आणि मीच ती 'मेधा, शाळा' या फाइलमध्ये लावली होती. प्रोटॉनचं वस्तुमान तिसऱ्या पानावर आहे. दोन सात. दोन्ही स्वच्छ, नीटनेटके, बिनरेघेचे. मला आवडायचे तसे. मग पूर्ण कॉपी पाहिली. एकोणीस सात आहेत. एकावरही रेघ नाही.

ती पानं तिच्या कव्हरात कशी आली? मला माहीत नाही. दोरा सुटला असेल, गठ्ठा बांधताना कोणी घाईत ओवला असेल. मला माहीत नाही. त्या वर्गात माझ्याकडे अक्षर शिकलेली आणखी एक मुलगी होती, तिचा नंबर मेधाच्या पुढचा होता. आपल्या कव्हरातली पानं आपली नाहीत हे तिला त्या दिवशी कळलं होतं का, तेही मला माहीत नाही. तिचं नाव मी लिहिणार नाही. तीही सतराची होती आणि तिला कोणी काही विचारलंच नाही. विचारलं होतं मला.

माझा राग शाळेवर आहे. दुसरी एकही कॉपी न काढता एका आईच्या तोंडी शब्दावर प्रकरण मिटवणाऱ्या खुर्चीवर आहे. मुलीचं न ऐकता गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरवर आहे. या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आहे, जिथे तो विनोद दर दिवाळीत नव्याने वाढला गेला. पण हे सगळे राग मी गोळा केले तरी त्या खोलीतल्या माझ्या ताठ मानेवरच्या रागाएवढे होत नाहीत. आणि त्याहून मोठा राग या पाच वर्षांचा आहे. सात बघून झाल्यावरही मी फाइल पुन्हा जागेवर लावली. प्रशांत गेल्या दिवाळीत आला, त्याने 'डायरीवाली'चा किस्सा त्याच्या मुलांना सांगितला, आणि मी त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

म्हणून हे लिहिलं. पाठवण्याआधी काल सकाळी मेधाला फोन करून पूर्ण वाचून दाखवलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मी. बाहेर पानं पडत होती. संपल्यावर म्हणाली, "कॉपी अजून आहे?"

"आहे."

"एकोणीस?"

"एकोणीस."

"मला बावीस आठवत होते." मग म्हणाली, "आई, एक दुरुस्ती आहे. करशील?"

"सांग."

"होळीच्या आदल्या दिवशीचं. तू लिहिलंयस, मी म्हटलं, 'मीच लिहिलं असेन.' मी तसं म्हटलं नव्हतं."

"मग?"

"मी म्हटलं होतं, 'तू म्हणतेस तर मीच लिहिलं असेन.'"

मी पेनाचं टोपण काढलं. ती म्हणाली, "नीट लिही. निहारला पाठवायचंय ना? यार, त्याला सोमवारी सबमिट करायचंय." आणि हसली. माझ्या मुलीचं ते हसणं प्रशांतच्या किस्स्यानंतर ती हसते तसं नव्हतं.

वरचं वाक्य मी खोडलेलं नाही. माझ्या डोक्यात इतकी वर्षं ते कसं राहिलं, कोणते शब्द मी सोयीने गाळले, ते तुम्हाला दिसू दे. दुरुस्ती इथे करते: तू म्हणतेस तर.

या कागदांचे फोटो मी तुम्हा दोघांना पाठवते आहे, आणि एक प्रत प्रशांतला. त्याने ती दिवाळीत त्याच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची आहे. मी टेबलाशी बसलेली असेन.

पानांचे आकडे मी नेहमी इंग्रजीत टाकते. हे सातवं पान आहे. आकडा घातला, पेन उचललं, आणि पुन्हा टेकवून मधोमध आडवी रेघ ओढली.